तिसऱ्या पर्वातला बाविसावा भाग

'सात जिन्यांचं घर' ही मालिका इन्शिराहला तोंडपाठ होती. दर रमजानला एक पर्व, अशी पाच रमजान ती मिसरभर चालली. त्यातल्या बायकांचे झगे, ओढण्या, एवढंच काय, दिवाणखान्याचे पडदेसुद्धा इन्शिराहच्या हातचे. हरम रस्त्यावरच्या एका स्टुडिओत तिने तेवीस वर्षं शिवणकाम केलं होतं. कुणाची सोयरीक कितव्या भागात मोडते, कोण कुणाच्या चहात काय कालवतं, हे सगळं गल्लीत तिला विचारायचं. तिचा शब्द शेवटचा.

आता एका वाहिनीवर मालिका पुन्हा पहिल्यापासून लागली होती, रोज दोन भाग, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर. इन्शिराहची खोली तळमजल्यावर, टीव्ही मोठा, म्हणून बैठक तिच्याकडेच. उम्म रजब यायची, जिचं हसणं तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं. अब्ला कवसर यायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या भाषेच्या बाई, म्हणून सगळ्यांच्या अब्ला. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि चुका काढणं सोडलं नव्हतं. आणि गेल्या हिवाळ्यापासून अवातिफ यायला लागली होती.

अवातिफ म्हणजे इन्शिराहची दूधबहीण. इन्शिराहची आई बाळंतपणात गेली, तेव्हा शेजारच्या हनिय्याने तिला आपल्या अवातिफच्या बरोबरीने पाजलं. दोघी तिला अम्माच म्हणायच्या. लग्नानंतर वर्षभराने अवातिफ नवऱ्याबरोबर, हमदीबरोबर, परदेशात बेनगाझीला गेली आणि एवढी वर्षं तिकडेच राहिली. हमदीला मालिकांचा तिटकारा, त्यामुळे घरात टीव्हीवर फक्त बातम्या आणि फुटबॉल. आता इथे परत आल्यावर ती 'सात जिन्यांचं घर' पहिल्यांदाच बघत होती, आणि मुलुखियाच्या पालेभाजीची जुडी मांडीवर घेऊन पानं खुडत खुडत अगदी रंगून जात होती.

इन्शिराहला झोप लागेना ती यामुळेच.

तिसऱ्या पर्वातल्या बाविसाव्या भागात एका विधवेच्या मुलीचं लग्न आहे. मुलीचं सामान उघड्या गाडीवर चढतं, ढोल वाजतात, गाडी गल्लीतून मुंगीच्या पावलाने जाते, कारण खिडक्याखिडक्यांतून सगळ्यांना एकेक वस्तू बघायला मिळाली पाहिजे. आणि त्या सामानातला फ्रिजचा खोका रिकामा असतो. फ्रिज देतो म्हणालेला मामा ऐन वेळी फिरलेला असतो, गाडी दारात उभी असते, म्हणून आई दुकानातून नुसता खोका आणते आणि त्यात विटा भरते.

हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. हे अवातिफच्या लग्नात घडलं होतं. अम्मा, अवातिफ आणि इन्शिराह, तिघींनी मिळून तो खोका भरला होता, आणि तिघींपलीकडे गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. मालिकेच्या लेखकाला ते सांगितलं इन्शिराहने.

कागदावर बोट ठेवत तिने हिशेब केला होता. बाविसावा भाग बुधवारी. मंगळवारी तिने अवातिफला म्हटलं, "उद्या दुपारी अताब्याच्या बाजारात जाऊ या ना, कापड बघायला."

"उद्या? त्या विधवेच्या मुलीचं लग्न आहे उद्या. गुरुवारी जाऊ."

"अगं, टीव्हीवरचं लग्न ते. तुला आमंत्रण थोडंच आहे?"

"तूच ना म्हणालीस, तिसरं पर्व चुकवू नकोस म्हणून?"

म्हणाली होती खरी. पहिल्या आठवड्यात, गप्पांच्या भरात. स्वतःच्याच जिभेला काय म्हणावं.

बुधवारी असरचा नमाज पढताना तिचं लक्ष लागेना. सजद्यात कपाळ टेकवून तिने एवढंच मागितलं, देवा, झाकून ठेव. मागताना तिला लाजही वाटली. त्याने झाकलेलं तर होतंच. उघडं केलं तिनेच. नमाजाची चटई घडी करून ठेवली आणि उठून टीव्हीच्या मागची डिशची वायर ओढून काढली.

बायका आल्या तेव्हा पडद्यावर नुसता निळा रंग होता.

"सिग्नलच नाही बघा आज," इन्शिराह म्हणाली. "वारा असेल वर. चहा पिऊ आणि बसू गप्पा मारत."

"वारा?" उम्म रजब म्हणाली. "माझे कपडे वर वाळतायत, एक टोक हललेलं नाही. सरक जरा. सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिशियनच्या घरात काढली मी." ती गुडघ्यावर बसून टीव्हीच्या मागे वाकली. "ही बघ, वायरच निसटलीय. झाडलोट करताना हात लागला असेल तुझा."

"असेल," इन्शिराह म्हणाली.

चित्र आलं तेव्हा पडद्यावरची आई खोक्यात विटा रचत होती.

इन्शिराह सुईदोरा घेऊन शिवणयंत्रापाशी बसली. तिथून तिला अवातिफची पाठ आणि हात दिसत होते. हात देठापासून पान खुडत होते, पान ताटात, देठ खाली, पान ताटात, देठ खाली.

"हे काय लिहिलंय?" उम्म रजबने तोंडातल्या भाजक्या बियांचं टरफल थुंकलं. "खोक्यात विटा? उचलणाऱ्यांना कळायचं नाही होय? ते काय काल जन्मले?"

"इथेच लेखक घसरला," अब्ला कवसर म्हणाल्या. "पहिल्या दोन पर्वांत एकही गोष्ट कारणाशिवाय नव्हती. पुढे रोजचा भाग भरायचा म्हटल्यावर असली ठिगळं लागतात. अशी आई असते का कुठे? गल्लीत जिची नजर वर उठत नाही, ती एवढी मोठी लबाडी करेल?"

"इन्शिराह, आज तुझं तोंड कुणी शिवलं?" उम्म रजब वळली. "रोज तर लेखकाची वकिली करतेस."

"डोकं दुखतंय," इन्शिराह म्हणाली.

मग अवातिफ बोलली. हात थांबवले नाहीत, मान वर केली नाही.

"विटा नाही घालायच्या. विटा आत खडखडतात. वाळू घालायची. लहान लहान गोण्या करून, गोधडीत गुंडाळून. आणि हमालांना सांगायचं, आत काच आहे. मग ते खोका हलवून बघत नाहीत, जीव मुठीत धरून नेतात."

इन्शिराहच्या हातातली सुई बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं.

"बघा," उम्म रजब हसून लोळायची बाकी राहिली. "हिला घ्यायला हवी होती लिहायला. बेनगाझीला तस्करी करत होतीस का गं?"

"वाळूचं मात्र पटतं," अब्ला कवसर गंभीरपणे म्हणाल्या. "वाळू असती तर मी गुण दिले असते."

पडद्यावर गाडी निघाली. ढोल, टाळ्या, बायकांचं आनंदाने ललकारणं, सगळ्यांत मोठा आवाज त्या आईचा. गाडी वळणावरून गेली. ढोल लांब गेले. आई परत आली, उंबऱ्यावर बसली, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि आवाज न करता रडायला लागली. कॅमेरा हलेना. बराच वेळ हलेना.

"हे कापायला हवं होतं," अब्ला कवसर म्हणाल्या. "दुधात पाणी. बाई आतापर्यंत लोखंडासारखी वागली, आणि आता एकदम रडते?"

उम्म रजब ओढणीने नाक पुसत होती. "तुम्हाला नाही कळायचं, अब्ला. तुम्ही मुलगी सासरी पाठवली आहे का कधी?"

"नाही पाठवली. पण चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत. उसनं रडणं मला लांबून ओळखू येतं."

"मग चष्मा बदला."

अवातिफचे हात थांबले होते.

दुसरा भाग तिघींनी कसा बघितला, इन्शिराहला ठाऊक नाही. संपल्यावर उम्म रजब कपडे काढायला वर गेली, अब्ला कवसर औषधाची वेळ झाली म्हणून उठल्या. अवातिफ बसून राहिली. ताट मांडीवर तसंच.

"त्या लेखकाला वाळू का नाही सांगितलीस?" तिने विचारलं.

इन्शिराहने खोटं बोलण्याचा विचारही केला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. "सांगितली होती. विटा पडद्यावर चांगल्या दिसतात म्हणाले."

"म्हणजे तूच."

"मीच."

"केव्हा?"

"अम्मा गेल्यावर तिचा चाळिसावा दिवस झाला त्याच आठवड्यात. तुला तिकडून येता आलं नव्हतं. माझ्या हातात एक काळा झगा होता, खालची पट्टी घालत होते. शांत जागा म्हणून लेखकसाहेब कपड्यांच्या खोलीत येऊन बसायचे. त्यांनी विचारलं, कुणासाठी रडतेस? मी बोलायला लागले ती थांबेनाच. ते लिहितील असं मला..." ती अडली. लिहितील हे तिला तेव्हाही कळलं असतं. माणूस लेखक होता. "तोंडावर थुंक माझ्या, पण गप्प बसू नकोस."

"रागाचं नंतर बघू," अवातिफ म्हणाली. "हमदीने तो खोका पहिल्याच रात्री उघडला होता. काही बोलला नाही. वर्षभर खोक्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं, त्याच्या आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तेव्हा खोक्याची लाज मला कधीच नव्हती. मला दुसरं सांग. ती शेवटी उंबऱ्यावर बसते, ते लेखकाने घातलं की घडलं?"

 या प्रश्नासाठी इन्शिराह तयार नव्हती.

लग्नाच्या दिवशी अम्मा गाडीमागे वळणापर्यंत ललकारत गेली होती. डोळ्यांत टिपूस नाही. अवातिफने ते मनात धरून ठेवलं होतं. फोनवर, कधी भेटीत, हसत हसत म्हणायची, मला पाठवून सुटली अम्मा, जोखीम उतरली तिची. ते हसणं पुरतं हसणं नव्हतं, हे इन्शिराहला माहीत होतं. आणि उंबऱ्यावर अम्माने तिचा हात धरून सांगितलं होतं, अवातिफला कळू देऊ नकोस, तिचं मन संसारात लागायचं नाही. इन्शिराहने मान डोलावली होती. तो शब्द तिने पाळला. परक्या माणसाला सगळं सांगितलं, आणि जिचं होतं तिला नाही.

आताही एका शब्दाचं काम होतं. लेखकाने घातलं. अब्ला कवसर तर म्हणाल्याच होत्या, दुधात पाणी.

"घडलं," ती म्हणाली. "तुझी गाडी गेल्यावर. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. तुला सांगू नको म्हणाली."

अवातिफने ताट खाली ठेवलं. उठली. दारापर्यंत गेली. इन्शिराहला वाटलं, ही आता जाते, आणि उद्या असरनंतर येणार नाही, आणि परवाही नाही, आणि गल्ली विचारेल तेव्हा आपण डोकं दुखतंय म्हणायचं.

"किती वेळ रडली?" अवातिफने पाठमोरीच विचारलं.

"संध्याकाळची, मगरिबची बांग होईस्तोवर."

अवातिफ वळली. डोळे लाल होते, आवाज कोरडा. "अख्ख्या मिसरने बघितलं. पाच पर्वं, आणि ही दुसरी खेप. मीच तेवढी राहिले होते." ती परत येऊन खाली बसली, चहा नको म्हणून कप दूर सारला. "सांग. पहिल्यापासून. त्याला सांगितलंस तसं."

इन्शिराहने तोंड उघडलं. डोळ्यांसमोर अम्मा आली ती चपला काढून बाजूला ठेवताना. पण चपला अम्माने काढल्या होत्या का? की ते त्या नटीचं होतं? हा प्रसंग तिने किती वेळा बघितला होता, आठ, दहा? उंबरा स्टुडिओतला लाकडी दिसत होता. अम्माचा तर दगडी होता. कुठे अम्मा संपते आणि कुठे मालिका सुरू होते, ते सापडेना. जिला सगळे भाग पाठ, तिला हाच एक धड सांगता येईना.

"चपलांचं मला आठवत नाही," ती हळू म्हणाली. "ते त्यांचं असेल. पण ओढणीचं टोक तोंडात होतं, ते खरं. मी तिच्या डाव्या बाजूला होते. तिच्या नखांत वाळू होती."

"असेल," अवातिफ म्हणाली. "माझ्याही होती. आठवेल तेवढंच सांग."