हसरं तोंड

सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसून आम्ही दोघांनी मटार सोलले. बायकोच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरनं तिची नाडी धरली, पण नजर घड्याळावर. माणशी तीन मिनिटं, असा वरून हुकूम. "गॅस झालाय," म्हणाला. दाराशी मत नोंदवायचं यंत्र होतं, त्यावर दोन बटणं: एक हसरं तोंड, एक रडकं. मी रडकं दाबणार, तोच ही म्हणाली, "अहो, नका! सिस्टरला बोलणी बसतील." तिनंच हसरं दाबलं.

त्याच संध्याकाळी ती घरात कोसळली आणि संपली.

राज्य आता साबणाच्या कंपनीसारखं चालवतात. जगभर हेच म्हणे. माणूस जगला का, हे कुणी विचारत नाही; खूश झाला का, तेवढं विचारतात.

सकाळी मृत्यूच्या दाखल्याला त्याच दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हणाली, "आजोबा, बटण दाबा ना." मी हसरं दाबलं. सरकारदरबारी आम्ही दोघंही खूश आहोत.