जनरलचं पुढे काय झालं

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. ते नागपूरचे, माझ्याहून बरेच मोठे आणि आमच्या डिपार्टमेंटचे हेड. किचनमध्ये कपात टीबॅग बुडवली की ते पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन जनरलची गोष्ट काढायचे. हा फ्रंटवर लढत होता आणि ऐन युद्धात त्याला युद्धमंत्री केलं. "फील्डवरचा माणूस होता, म्हणून केलं," असं म्हणत ते टीबॅग पिळायचे. गोष्ट दर वेळी इथेच संपायची. मलाही त्या जनरलचा वीट आलेला असल्यामुळे मी पुढचं विचारत नसे.

सकाळच्या स्टँडअप मीटिंगला आम्ही सगळे उभं राहून आपापलं काम सांगायचो. ते तेवढे खुर्चीत बसून ऐकायचे.

मार्चमध्ये रीस्ट्रक्चरिंग झालं. त्यांचं पद त्यांनीच नोकरीला घेतलेल्या एका मुलीला मिळालं आणि त्यांना सपोर्ट डेस्कवर पाठवलं. आता हे राजीनामा देणार, असं मी घरी बायकोला सांगूनही टाकलं. सोमवारी ती मुलगी खुर्चीत बसली. हे आमच्या रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर म्हणाले, "वरच्या मजल्यावरचा प्रिंटर बंद आहे. बघतो."

नंतर किचनमध्ये मी विचारलंच, "अहो, त्या जनरलचं पुढे काय झालं?"

"वरच्यांशी बिनसलं. मंत्रिपद काढून घेतलं आणि परत फ्रंटवर धाडलं."

"आणि तो गेला?"

त्यांनी टीबॅग नीट पिळली.

"युद्ध चालूच होतं ना रे," ते म्हणाले आणि प्रिंटर बघायला गेले.