चासीला भोक न पाडणारे आमचे हे

आमच्या ह्यांच्या हातून एखादं काम वेळेवर झालं, असं लग्न झाल्यापासून मी पाहिलेलं नाही. लोक म्हणतात, बिंदुमाधवपंत फार कसबी माणूस. असतील. पण कसबी माणसाच्या घरी रोज आमटी तीनतीनदा गरम करावी लागते, हे त्या लोकांना कोण सांगणार?

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात पिढ्यानपिढ्या वेदपठण चालत आलेलं. हेही शिकले, आणि मग ते सगळं गुंडाळून कबीरचौऱ्याला लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायचा कारखाना काढून बसले. मोटार येते ती नुसती चासी असते, म्हणजे चार चाकं आणि त्यांच्यावर दोन लांब लोखंडी पट्ट्या. माणसं किंवा माल ज्यात बसतो ती लाकडी बॉडी बांधून चासीवर घट्ट बसवायची, हे ह्यांचं काम. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तेव्हा ह्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. आता बोलतात, पण कारखान्याचा विषय निघाला की जानवं चाचपतात.

बाकीचे मिस्त्री चासीला भोकं पाडतात, बोल्ट घालतात आणि मोकळे होतात. हेही पूर्वी तसंच करायचे. मग राजघाटच्या पुलाच्या चढावर ह्यांनी बांधलेल्या एका लॉरीची चासी नेमकी भोकापाशी चिरली. बॉडी कलंडली आणि आत बसलेल्या शिवरामचा, ह्यांच्या लहानपणच्या मित्राचा, पाय गेला. त्या दिवसापासून हे चासीला भोक पाडत नाहीत. नालेसारखा वाकवलेला जाड गज पट्टीला खालून कवेत घेतो आणि वर नटांनी आवळला जातो. मध्ये शिसवी लाकडाची फळी. ती फळी गाडी चालली की दबते आणि नट ढिले पडतात, म्हणून गाडी आधी वजन भरून पळवायची, परत आवळायचं, परत पळवायचं. फळी दबायची थांबली की मगच प्रत्येक नटावर दुसरा नट चढवायचा. मला हे सगळं पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषयच नसतो.

एकदा आम्ही काळभैरवाचं दर्शन घेऊन येत होतो. मैदागिनच्या चौकात ह्यांना आपल्या हातची लॉरी दिसली. हात दाखवून थांबवली आणि सोवळ्यासकट शिरले की खाली! मी पूजेचं ताट घेऊन उभी. भोवती ही गर्दी जमली. कोणीतरी मलाच विचारलं, "माताजी, कोई दब गया क्या?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पण हे सगळं मी सोसलं. आमच्या लेकीच्या, बकुळच्या, शाळेच्या गाडीनं मात्र माझा अंत पाहिला.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून लहुराबीरच्या पुढच्या मुलींच्या शाळेची मोटार बंद पडली. तेव्हा एका शेठजींनी कलकत्त्याहून विजेवर चालणारी जुनी गाडी शाळेला आणून दिली. बॉडी कुजलेली, चासी ठणठणीत. नवी बॉडी बांधायचं काम ह्यांच्याकडे आलं, आणि त्याच शाळेत आमच्या बकुळचं नाव घातलेलं. मामंजींनी कसाबसा होकार दिला होता, तोही अट घालून. "पोरगी मोठी झाली. पायी रस्त्यानं जायची नाही, गाडीतून जाईल. आणि नवं काम चातुर्मास लागायच्या आत सुरू व्हायला हवं. एकदा देव झोपले की कार्तिकापर्यंत नाव काढायचं नाही." कार्तिकात ते बकुळसाठी स्थळं बघायला लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझी स्वतःची शाळा अशीच एका कार्तिकात सुटली होती. म्हणून मला ती गाडी हवी होती, दुसरं काही नको होतं.

आणि हे? शेजारच्या कारखान्यातला विश्वेश्वर मिस्त्री रोज येऊन सांगायचा, "पंडितजी, चार छेद मारिए, चार बोल्ट ठोकिए, छुट्टी!" ह्यांचं उत्तर ठरलेलं. ह्या गाडीत चासीच्या दोन्ही अंगांना बॅटरीचे पेटारे आहेत, पट्टीच्या आतून अंगठ्याएवढ्या जाड तारा गेल्यात. ड्रिल तारेत घुसलं तर आग लागेल, पेटाऱ्यात घुसलं तर तेजाब सांडेल, आणि वर पोरी बसलेल्या असतील. शिवाय पेटाऱ्यांना हवा हवी, झाकणं उघडता यायला हवीत, म्हणून बॉडी जरा उचलून बांधायची. म्हणजे नवे गज, नव्या फळ्या, पुन्हा पहिल्यापासून.

आषाढी एकादशी तोंडावर आली. त्याआधीचा एक मुहूर्त मामंजींनी काढून दिला होता. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, "उद्या होत नाही." मी हातातलं उलथनं खाली ठेवलं, नाहीतर काय केलं असतं देव जाणे.

मग मलाच सुचलं. मुहूर्ताला निघता आलं नाही तर आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. आपली एखादी वस्तू, सुपारी, हळकुंड बांधून वाटेवरच्या घरी ठेवायचं, मग माणूस मागून निघाला तरी चालतं. मामंजींनी यजमानांना शेकडो वेळा सांगितलेलं. मी पदर सावरून त्यांच्यापुढे उभी राहिले. "मामंजी, बकुळचं प्रस्थान कारखान्यात ठेवलं तर? शाळेच्या वाटेवरच आहे."

त्यांनी पंचांग उघडून पाहिलं. मग म्हणाले, "शास्त्राला धरून आहे, सूनबाई. पण पाच दिवसांच्या आत निघावं लागतं. नंतर मला विचारायचं नाही."

मुहूर्तावर बकुळची पाटी, सुपारी, हळकुंड एका फडक्यात बांधून त्या गाडीच्या बाकावर ठेवलं. आणि हे रोज विटा भरून गाडी पळवत राहिले, रोज आवळत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी मी बकुळला नवं परकर-पोलकं घातलं आणि तिचा हात धरून सरळ कारखान्यात गेले. हे गाडीखाली. नुसते पाय दिसत होते.

"अहो, आज शेवटचा दिवस आहे."

"आज नाही सोडता येणार," खालून आवाज आला. "अजून दोन-चार दिवस लागतील."

मग मी जे बोलायला लागले ते थांबले नाही. तुम्हाला पोटची पोर दिसत नाही, नट दिसतात. तिच्या आयुष्याला भोक पडलं तरी चालेल, तुमच्या चासीला पडायला नको. रोजच्यासारखा आलेला विश्वेश्वर मिस्त्री हातोडा ठेवून बाहेर गेला. बकुळ रडकुंडीला आली, "आई, बस कर ना, सब सुन रहे हैं."

हे बाहेर आले. चिडले नाहीत. म्हणाले, "काल संध्याकाळी हा मागचा नट सगळी ताकद लावून आवळलाय. मग विटा भरून दोन फेऱ्या मारल्या. तूच हात लाव."

मी वाकून मागच्या कोपऱ्यातल्या नटाला हात लावला. तो माझ्या दोन बोटांनी फिरला.

त्या कोपऱ्याच्या वर बाक होता, आणि बाकावर बकुळची पाटी. शिवरामची कुबडी डोळ्यांपुढे आली.

मी बाकावरचं गाठोडं उचललं, बकुळच्या हातात दिलं आणि तिला घेऊन भर रस्त्यानं लहुराबीरकडे चालू लागले. कोण बघतंय ते मी बघितलं नाही. तिला पोचवून घरी परतल्यावर मामंजींनी विचारलं, "गाडी नव्हती तर पोरगी गेली कशी?"

"पायी," मी म्हटलं. "प्रस्थान उचलून वेळेत निघाली. ते गाडीतूनच उचलावं असं शास्त्रात असेल तर दाखवा." ते जानवं चाचपत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन आमटी पुन्हा चुलीवर ठेवली.

गाडी तयार व्हायला आणखी चार दिवस लागले. ते चारही दिवस बकुळला मीच पायी नेलं, मीच आणलं. वाटेत कारखाना लागायचा, आणि गाडीखालून ते दोन पाय दिसायचे. रोज मी मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. पण लवकर आटपा, असं एकदाही म्हटलं नाही.