पाळण्यात टांगलेला गूळ

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारी माणसं त्याच्या स्वभावाबद्दल बोलतात. मला मात्र सारखी आठवते ती माझी मेकॅनिक्सची परीक्षा.

संस्थान विलीन झाल्यानंतरची ती वर्षं. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच परीक्षेत मी मेकॅनिक्समध्ये नापास झालो. स्टॅटिक्स मला जमत असे. तिथल्या वस्तू जागच्या जागी उभ्या असत. डायनॅमिक्समध्ये त्या हलू लागल्या की माझा धीर सुटे. अधिक कुठं, उणे कुठं, हे मी अंदाजानं ठरवी आणि बहुतेक वेळा चुके. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. तेव्हाही राहिलो असतो तर कॉलेज सुटलं असतं, आणि दादा ज्या गुळाच्या अडतीवर कारकून होता तिथंच मला चिकटावं लागलं असतं. दादा असं कधी म्हणाला नाही. पण मालकांनी तुझी चौकशी केली, एवढं त्यानं एकदा जेवताना सांगितलं.

सगळ्यात भीती लिफ्टच्या गणितांची. लिफ्टमध्ये माणूस वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वेग वाढवत वर निघाली, तर काटा किती दाखवील? लिफ्ट मी पाहिली नव्हती, दादानंही नव्हती. मी विहिरीतला पोहरा डोळ्यांसमोर आणी, पण पोहऱ्यात कधी बसलो नव्हतो.

अभ्यासाच्या सुटीत घरी आलो तेव्हा दादानं हे सगळं ऐकून घेतलं.

"जत्रेतल्या पाळण्यात बसलायस की," तो म्हणाला. "ते बी वर जातंय, खाली येतंय."

ललिता पंचमीला आम्ही टेंबलाईच्या जत्रेत गेलो. दादानं अडतीवरून स्प्रिंगचा काटा मागून आणला होता. त्याच्या आकड्याला गुळाचा मोठा खडा फडक्यात बांधून अडकवला. उंचावर त्याला भोवळ येई, हे मला ठाऊक होतं. तरी काटा त्यानंच धरला, कारण मला टिपून घ्यायचं होतं. पाळणा लाकडी, हातानं ढकलायचा. आमच्यासमोर बसलेला एक गडी बराच वेळ गुळाकडं बघत राहिला.

"पावणं, वर गेल्यावर गूळ स्वस्त हुतोय व्हय?"

"तेच बघाय आलोय," दादा म्हणाला. नजर काट्यावरून हलवली नाही.

पाळणा फिरू लागला. माथ्यावर तो "हलकं" म्हणे, तळाशी "जड". मी लिहीत होतो. मग खाली येता येता, अजून तळ आला नसताना, तो म्हणाला, "आत्ता जड."

"खाली येतोय आपण, दादा. हलकं पाहिजे."

"जड हाय."

त्याला भोवळ आली असेल असं वाटून मी ते लिहिलं नाही. उतरल्यावर तो डोळे मिटून बराच वेळ गवतावर बसून राहिला, त्यामुळं माझी खात्रीच झाली.

परीक्षेला निघालो तेव्हा गाडीत हातकणंगलं स्टेशन मागं पडलं तरी मी घोकत होतो : वर जाताना जड, खाली येताना हलकं. पेपरात लिफ्ट आलीच. पण ती खाली येत होती आणि तळमजल्यावर थांबण्यासाठी वेग कमी करत होती. घोकलेलं लिहायला टाक टेकवला आणि हात थांबला. शेजारचा पान उलटत होता. मला दादाचा आवाज आठवला. पाळणाही तेव्हा खालीच येत होता, पण खाली येणं आवरतं घेत होता. आपण कुठल्या दिशेला चाललोय, हे काट्याला कळतच नव्हतं. वेग कसा बदलतोय, एवढंच कळत होतं. मी अधिकचं चिन्ह घातलं आणि पुढं लिहीत गेलो.

काठावर पास झालो. तुझं बरोबर होतं, असं दादाला सांगितलं तेव्हा तो कामावर निघाला होता. "मग लिहायचं न्हाईस व्हय?" एवढंच म्हणून त्यानं चपला पायात सरकवल्या.

दीड महिन्यापूर्वी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरून त्याला खाली आणताना स्ट्रेचरची एक बाजू मी धरली होती. तळमजल्याजवळ लिफ्ट मंदावली तसा तो हाताला जास्त लागला. आत्ता जड, मी मनात म्हटलं. दार उघडलं, तरी मला लगेच पाऊल उचलता आलं नाही.