दारातलं तसराळं

आमच्या प्रसूतिगृहात बाळंतिणींच्या खोलीच्या दाराशी एक लोखंडी तिवई होती आणि तिच्यावर एनॅमलचं मोठं तसराळं. सकाळी आया त्यात पाणी ओतायची आणि वरून जंतुनाशक लायसॉल. लढाईच्या दिवसांत लायसॉल मिळेनासं झालं, तसं ती बाटलीच्या बुडाशी राहिलेलं थेंब थेंब घालायला लागली. पुढे पुढे पाण्याला नुसता वास राहिला. तरी तसराळं कधी चुकलं नाही. खोलीतून बाहेर पडताना प्रत्येक जण त्यात हात बुडवायचा. डॉक्टरसाहेब, थोरल्या बाई, आया, लेकीसुनांना बघायला आलेल्या बायकासुद्धा. आत येताना मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना? तसराळं राहिलं दारात, तिथवर कोण जातंय!

मी पुण्याला नर्सिंग शिकून नगरला आले होते. हात धुवायचे ते रोग्याला शिवायच्या आधी, हे तिथं आमच्याकडून घोकून घेतलेलं. इथं आल्याआल्या मी ते बोलून दाखवलं आणि सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. थोरल्या बाई आमच्या मुख्य नर्स. लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या, पहाटे डोक्यावरून आंघोळ आणि देवपूजा केल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या. दुपारी घरी गेल्या की पुन्हा आंघोळ. त्यांना हात धुवायला सांगणं म्हणजे त्यांच्या सोवळ्यावरच बोट ठेवणं. विटाळ बाळंतिणीचा आपल्याला लागतो, आपला तिला कसा लागेल, हा त्यांचा सरळ हिशेब. डॉक्टरसाहेबांचा हिशेब वेगळ्या भाषेतला, पण उत्तर तेच. पोट फाडायचं असेल तेव्हा मी धुतोच की, म्हणायचे, नुसतं तपासायला कशाला एवढं अवडंबर?

आया तर मला समजावायची. "नर्सबाई, सकाळच्याला डोईवरून न्हाले की मी. हात कशापायी घान हुतील?"

माझं नाव त्यांनी हातधुवी ठेवलं होतं. हातधुवी आली, पदर सांभाळा, म्हणून हसायच्या. पहिले काही महिने मीही हसले. मग माझं डोकं तापायला लागलं, आणि माझा ताप वाढला तशी त्यांची थट्टाही वाढली.

अशात माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आली. ती शेवगावला दिलेली. पहिलं मूल घरीच, सुइणीच्या हातून झालं आणि गेलं. या खेपेला तिनं सासरी सांगून टाकलं होतं की मी ताई आहे तिथंच जाणार. आईच्या मनात नव्हतं. चारचौघींत जाऊन कुठं बाळंत व्हायचं, असं तिला वाटे. पण बहीण मोटारीतून उतरली ती थेट दवाखान्यात, बोचकं काखोटीला मारून, तोंडभर हसत. "आता मला कसली भीती?" म्हणाली. मला मात्र तिला खाट दाखवतानाच धडकी भरली. कारण रिकामी खाट एकच होती, आणि तिच्या शेजारी जामखेडकडची एक बाई सूतिकाज्वरानं फणफणत पडलेली होती. घरी बाळंत होऊन, ताप चढल्यावर बैलगाडीतून आणलेली. तिच्या अंथरुणाचा वास उदबत्तीलाही दाबता येत नव्हता.

दुसरी खोली नव्हती. खाट तरी हलवा म्हटलं, तर हलवायची कुठं? मग मी तसराळंच उचललं आणि दोन खाटांच्या मधे आणून ठेवलं. थोरल्या बाईंनी ते बघितलं आणि तिवईसकट पुन्हा दारात नेलं.

"सगळ्यांचे हात बुडवलेलं पाणी बाळंतिणीच्या उशाशी ठेवतेस? अगं, तुझीच बहीण ना ती?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी काळजी होती. तीच मला असह्य झाली. मी म्हटलं, मग कपाटातली बाटली द्या, मी वेगळं पाणी करते. कपाटात कुलपात लायसॉलची एक सीलबंद बाटली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, ती प्रसंगाला ठेवली आहे. मी वाद घातला, गयावया केली, डॉक्टरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, कुलूप त्यांचं, त्यांना विचार. शेवटी शेगडीवर पाणी उकळून, साबणाची वडी आणि नवं घमेलं घेऊन मी बहिणीच्या खाटेशी पहारा मांडला. माझ्यासमोर तिला कोणी हात लावू धजेना. हातधुवीची बहीण, असं आता तिचंही नाव पडलं. तिला त्याची मोठी गंमत वाटली.

पण पहारा करून करून किती करणार? मला काय ती एकच रोगी होती? तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी पलीकडच्या खोलीत डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली उभी होते. टेबलावर एक बाई भूल देऊन पडलेली, तिला सोडून यायची सोय नव्हती. बहिणीचं ओरडणं मला भिंतीतून ऐकू येत होतं. मग ते थांबलं आणि मूल रडलं. टेबलावरची बाई मार्गी लागल्यावर मी धावत गेले, तर थोरल्या बाई दारात तसराळ्यापाशी उभ्या राहून, कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होत्या. चेहरा आनंदानं फुललेला. मुलगी झाली म्हणाल्या. नाळेचे वेढे गळ्याभोवती होते, वेळेवर हात घातला म्हणून वाचली.

मी विचारलं, "बाई, तुम्ही त्याआधी कुठं होता?"

"शेजारीच की. त्या जामखेडच्या बाईच्या चिंध्या बदलत होते. हिनं हाक मारली, तशी वळले." मग माझ्याकडे बघून त्यांचे हात थांबले. "हात धूत बसले असते तर पोर हाती लागली नसती."

खरं होतं ते. ती मुलगी बाईंनी वाचवली, हे मी आजही नाकारत नाही. पण घमेलं तिथंच होतं, उकळलेल्या पाण्यानं भरलेलं, खाटेपासून हातभर अंतरावर. त्यातलं पाणी तसंच निवळशंख होतं. बाईंचा एवढा राग आला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच मला करता आलं नाही.

मग बहिणीला ताप आला. डॉक्टरसाहेब म्हणाले, दूध उतरतंय, त्याची कणकण असेल. मला ते खरं वाटावं म्हणून मी धडपडले. पण तिला हुडहुडी भरली, पोट फुगून टणक झालं, आणि चादर बदलताना तो वास आला. शेजारच्या खाटेचाच वास. दवाखान्यात सल्फाच्या गोळ्या होत्या तेवढ्या तिला दिल्या. आणखी हव्या होत्या, त्या मिळत होत्या फक्त पलटणीला. भिंगारला कॅम्पात जाऊन मी एका गोऱ्या डॉक्टरच्या दाराशी उभी राहिले. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही आणि मी सुन्न होऊन परत आले. आले तर डॉक्टरसाहेब जामखेडच्या बाईची नाडी सोडून बहिणीकडे वळत होते.

"साहेब, हात," मी मधे उभी राहिले.

"मी काय उकिरड्यावरून आलोय का?" ते म्हणाले. आणि मग, जरा हळू, "आता त्यानं काय होणार आहे, पोरी?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. आयाच्या डोळ्यांत कीव होती. दुःखानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तिनं आईला सांगितल्याचं मला मागाहून कळलं. आईसुद्धा मला म्हणाली, थोरामोठ्यांना असं अडवू नये.

जामखेडची बाई आधी गेली. शेजारची खाट रिकामी झाली. दुपारी बहीण शुद्धीवर आली, तशी मी मुलीला तिच्याजवळ घेऊन गेले. तिनं हात पुढे केले आणि मागे घेतले.

"ताई, आधी माझे हात धू," ती म्हणाली, "मग दे तिला."

तिचे हात भाजत होते. मी घमेलं खाटेवर घेतलं आणि एकेक बोट धुतलं. तिला पाण्यानं बरं वाटत होतं, ती डोळे मिटून राहिली. त्या सबंध दवाखान्यात माझं म्हणणं मानणारी ती एकटी होती, आणि मी रडत होते म्हणून साबण पुन्हा पुन्हा हातातून निसटत होता. मग तिनं मुलीला घेतलं. फार वेळ धरवली नाही.

ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेली. मेहुणे आणि शेवगावची माणसं आली, तिला उचलून नेलं. मग थोरल्या बाईंनी कमरेच्या किल्ल्या काढल्या, कपाट उघडलं आणि ती सीलबंद बाटली फोडली. दारातलं तसराळं घासून नव्या पाण्यानं भरलं आणि त्यात अर्धी बाटली ओतली. पाणी ताकासारखं पांढरं झालं. एकेक जण येऊन धुवायला लागला. डॉक्टरसाहेबांनी बाह्या वर करून कोपरापर्यंत धुतले. आयानं नखं घासली. आईनं धुतले.

मी भिंतीशी उभी होते. थोरल्या बाईंनी मला हाताला धरून तसराळ्यापाशी नेलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. "मेलेल्या माणसाला शिवलीस गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः माझे हात धुतले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग मनगटापासून कोपरापर्यंत. पुण्याला शिकवलं होतं अगदी तसेच.