सुपरवायझरची सही

येरवड्याच्या अख्तरबानूने औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं गोळ्यांची पाकिटं भरली. मग तिला सुपरवायझर केलं आणि तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकवलं, "आधी आपल्या माणसांचं ऐकून घ्या." तिला ते मनापासून पटलं.

परत आल्यावर ती रोज एकेकीजवळ बसू लागली. वासंती म्हणाली, "आपा, या पावडरीने श्वास कोंडतो. घरी गेले तरी खोकला थांबत नाही."

अख्तरबानूने ते तिच्या नावासकट मॅनेजरच्या कानावर घातलं. साहेब हसले. "अहो बाई, ऐकून घ्यायला सांगितलं होतं. वर आणून द्यायला नव्हे."

महिनाअखेर वासंतीला कामावरून काढलं. 'तब्येतीला काम झेपत नाही', असं पत्रात लिहिलं होतं आणि खाली सुपरवायझरची सही हवी होती. अख्तरबानूचा नवरा तेव्हा दोन वर्षं घरी बसून होता. तिने सही केली.

रविवारी ती कात्रजला वासंतीच्या घरी गेली. वासंती दारातच उभी राहिली.

"माझी काही तक्रार नाही, मॅडम," ती म्हणाली आणि आत गेली.

निवृत्त होईपर्यंत अख्तरबानूने पुन्हा कुणाला काही विचारलं नाही.