दुसऱ्याच्या ओळीतले कान

मरोळच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कान तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये मी नोकरी करते. तपासणीच्या दिवशी माणसांना हेडफोन लावून बसवायचं, आणि नंतर त्यांचे आकडे सांभाळायचे, एवढं माझं काम. आकडे आधी आमच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. तिथून माणशी एक ओळ निघते आणि ती मी एक्सेलमध्ये नावापुढे चिकटवते. सॉफ्टवेअरमधून नुसते आकडेच बाहेर येतात. कुठली ओळ कुणाची, हे फक्त क्रमावरून कळतं.

एका कारखान्यानं यंदा रिपोर्ट मराठीत मागितले. मी हौसेनं सगळी नावं मराठीत टाइप केली आणि नीटनेटकेपणाचा भारी सोस, म्हणून अकारविल्हे लावूनही टाकली. आकडे मात्र इंग्रजी नावांच्या क्रमानं आले होते. इंग्रजीत 'बी'वाला सुरुवातीलाच येतो. मराठीत तो बिचारा 'प', 'फ' उरकल्यावर. मी आकड्यांचा रकाना उचलला, शेजारी चिकटवला. जितकी माणसं तितक्याच ओळी, सगळं झकास जुळलं.

बहुतेकांचे कान बरे होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही. वाट लागली ती आमच्या शेजारच्या काकांची.

जोगेश्वरीला त्यांची आणि आमची भिंत एकच. काका त्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. माझ्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की भिंतीपलीकडून ओरडायचे, "गो, गॅस बंद कर!" असा माणूस. त्याच्या रिपोर्टवर आलं, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. आणि मी? मला शिट्टी आठवली नाही. मी शीटवर विश्वास ठेवला. त्याची आजही चीड येते.

कंपनीनं काकांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. त्यानंतर काका प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणायला लागले. ऐकू येत होतं, पण स्वतःच्या कानांवरचा भरवसाच उडाला होता. काकू ओरडून बोलायला लागल्या. मग मीही. कुकर शिट्ट्या मारत राहायचा, भिंत गप्प.

पुढे फायली लावताना काकांच्या मशीनवरच्या जोडीदाराचा रिपोर्ट हाती आला. कान उत्तम! हा माणूस मला चांगला आठवत होता, कारण तपासणीच्या दिवशी हाका मारून उपयोग नव्हता, खांद्याला हात लावून उठवावं लागलं होतं. मी शीट उघडली. नावं मराठीच्या क्रमानं, आकडे इंग्रजीच्या.

लॅबच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चूक बीक लिहू नकोस हां. फेरतपासणीचा रिपोर्ट म्हणून पाठव." मी सगळ्यांचे रिपोर्ट दुरुस्त करून तसेच पाठवले. नोकरीची भीती वाटली, दुसरं कारण नाही.

चार दिवसांनी काका पेढे घेऊन दारात. "गो, माझे कान बरे झाले! आपल्या जोगेश्वरीच्या गुंफेतल्या देवीक नवस बोललेलंय. परत मशीनवर घेतल्यानी."

फेरतपासणी झालीच नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पण 'कान बरे' असं लिहिलेला कागद हातात असल्यावर कोण विचारत बसतो? मी पेढा तोंडात टाकला.

काका मात्र जाईनात. उंबरठ्यावर उभे राहून हातातला खोका उघडझाप करत होते. मग हळूच म्हणाले, "माझ्या जोडीदाराचे कान गेले गो. पयल्या कागदात बरे होते, आता वायट. तेका पॅकिंगला धाडल्यानी. मी देवीक म्हटलंय, माझ्यावरचा काढून घे. ता तेका तर लागला नसात?"

त्यांचे डोळे भरले होते. माझा अपराध हा भला माणूस स्वतःच्या डोक्यावर घेऊन देवळातून माझ्या दारात आला होता, आणि वर मला पेढा देत होता. पुन्हा माझंच काहीतरी दुसऱ्याच्या नावापुढे चिकटलं होतं.

"काका, देवीनं काही केलं नाही," मी पुटपुटले. "कागद मी चुकवला."

काकांनी मान पुढे केली, कानामागे हात धरला आणि सवयीनं म्हणाले, "काय?"

मग मला ते पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असं.